चौथ्या वेळी मिळालेला कॅमेरा

एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. ताईंच्या वडिलांकडे एक फिल्मचा कॅमेरा होता, ताई लहान असतानाच तो विकला गेला. वडील आता नाहीत. ऑनलाइन लिलावात तेच मॉडेल दिसल्यापासून त्या त्याच्या मागे आहेत. तीनदा शेवटच्या काही सेकंदांत दुसऱ्याच कुणीतरी वरची बोली लावून कॅमेरा नेला. चौथ्यांदा काही झालं तरी सोडायचा नाही असं ठरवून मनात धरलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट मोजून घेतला. आला तर लेन्समध्ये बुरशी. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं, 'चालतो की नाही तपासलेलं नाही, काच स्वच्छ आहे.' मिस्टर म्हणतात हा जुगार झालाय, बंद कर. त्यातच काका गेल्यावर मागे राहिलेले सात कॅमेरे विकायचं काम काकूंनी ताईंवर सोपवलंय. किंमत कमी ठेवून सुरुवात केली तर मातीमोल जातील, जास्त ठेवली तर कुणी फिरकणार नाही अशी भीती वाटते. भाऊ म्हणतो, मी माझ्या अकाउंटवरून दोन-चार बोल्या टाकून भाव चढवतो. 'तीनदा हरले, चौथ्यांदा फसले, आता काकूंचं नुकसान नको व्हायला. काय करू?'

ताई,

आधी तातडीचं सांगते. कॅमेरा हातात येऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तक्रार करायची मुदत बहुतेक साइट्सवर मोजक्या दिवसांचीच असते, त्यामुळे बाकीचं पत्र नंतर वाचा आणि आज हे करा. खोलीत अंधार करा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, पूर्ण उघडा, मागचं झाकण उघडा, शटर बी वर, म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडं राहतं त्या खुणेवर ठेवा, बटण दाबून धरून लेन्समधून आरपार बघा, आणि मोबाइलचा टॉर्च समोरून सरळ न मारता तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतील, त्याचे फोटो काढा. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट घ्या, विशेषतः 'काच स्वच्छ आहे' हे वाक्य. मग साइटच्या आतूनच सेलरला लिहा. ईमेल नको, फोन नको. 'तपासलेलं नाही' असं लिहिलं की माझी सगळी जबाबदारी संपली असं पुष्कळ सेलर धरून चालतात, आणि शटर अडकलेलं निघालं असतं तर तुमची बाजू खरंच कमकुवत झाली असती, पण काच स्वच्छ आहे हे त्याने स्वतःहून लिहिलंय आणि ते खरं नाही, त्यामुळे या एका मुद्द्यावर तुमचं म्हणणं भक्कम आहे. तेवढ्यावरच बोला, दुप्पट पैसे गेले वगैरे त्यात आणू नका, तो तुमचा आणि लिलावाचा प्रश्न आहे, सेलरचा नाही. तो म्हणेल की साइटवरची तक्रार बंद करा मग मी साइटबाहेरून पैसे पाठवतो, तर नाही म्हणा. रागाच्या भरात वाईट फीडबॅक लगेच टाकू नका, आधी प्रकरण मिटू दे. आणि लेन्स स्वतः उघडून पुसायला जाऊ नका, एकदा उघडली की परत करता येणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. तुम्ही लिहिलंय की चौथ्यांदा 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' असा मेसेज आला तेव्हा आनंद झाला नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटलं. वस्तू घेतल्यावर असं का वाटावं? मला वाटतं तुम्ही तोवर कॅमेरा घेतच नव्हता, तीन वेळचं हरणं भरून काढत होता. आणि 'जिंकलात' हा शब्द साइटनेच तुमच्या तोंडी दिलाय. पैसे मोजून वस्तू घेणं म्हणजे जिंकणं नसतं, आणि आपल्याला परवडणाऱ्या रकमेच्या वर गेलेली वस्तू सोडून देणं म्हणजे हरणं नसतं. पहिल्या तीन वेळा तुमचं काय गेलं? पैसे जागेवर होते, तेच मॉडेल पुढेही येतच होतं, चौथं आलंच की. नुकसान झालं ते जिंकलात त्या दिवशी.

'शेवटच्या सेकंदाला हिसकावून नेलं' असं तुम्ही तीनदा लिहिलंय. हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण अशी तक्रार करणारी बरीच पत्रं येतात. बहुतेक साइट्सवर तुम्ही बोली म्हणून जो आकडा टाकता ती तुमची कमाल मर्यादा असते, लगेच भरायची रक्कम नव्हे. साइट तुमच्या वतीने लागेल तेवढंच पुढे सरकते. समजा सध्याचा भाव ४० आहे आणि तुम्ही १०० टाकले, दुसऱ्या कुणी ८० टाकले, तर भाव ८० च्या एक पायरी वर थांबतो आणि वस्तू तुम्हाला मिळते, तुमचे १०० कुणाला दिसतही नाहीत. म्हणजे तुम्ही मोजता ते साधारण दोन नंबरच्या माणसाच्या आकड्याइतकं. विल्यम विकरी नावाच्या अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्ये हेच गणित मांडलं होतं की असा नियम असेल आणि बोल्या बंद पाकिटात असतील तर आपली खरी किंमत सरळ लिहून मोकळं होणं हेच शहाणपणाचं, कमी लिहून फायदा नाही आणि जास्त लिहून तर नाहीच. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता तुम्ही काय केलंत ते बघा. समजा मनात १०० होते पण टाकले ५०, कुणी वर गेलं की ५५, मग ६०, असं रात्रभर. शेवटच्या दहा सेकंदांत एकाने त्याचे खरे ९० टाकले आणि तुमच्याकडे ६५ वरून वर जायला वेळच उरला नाही. त्याने लबाडी केली नाही. तुमचा खरा आकडा तुम्ही साइटला सांगितलाच नव्हता! सांगितला असता तर त्याचे ९० आल्यावरही कॅमेरा तुमच्याकडेच राहिला असता, आणि त्याने १२० टाकले असते तर तो त्याच्याकडे जाणंच बरोबर होतं, त्याला तो तुमच्यापेक्षा जास्त हवा होता.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी या शेवटच्या क्षणाच्या बोल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी ॲमेझॉनवरही लिलाव चालायचे. ईबे या लिलावाच्या साइटवर लिलाव ठरलेल्या ठोक्याला बंद व्हायचा, ॲमेझॉनवर मात्र शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढायची. शेवटच्या क्षणी उडी मारणारे ईबेवर कितीतरी जास्त होते, आणि तिथे जेवढा माणूस अनुभवी तेवढा तो उशिरा बोली लावणारा होता. माणसं तशीच, फक्त घड्याळाचा नियम वेगळा. म्हणून कुठल्याही साइटवर सगळ्यात आधी हे बघा की वेळ संपली की संपली, की शेवटच्या बोलीने वाढते. वाढत असेल तर घाई करायचं कारणच नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बोली एकदाच लावावी आणि उशिरा लावावी. लवकर लावली की इतरांना कळतं की या वस्तूत कुणाला तरी रस आहे, मग तुमच्यासारखेच पाच-पाचने चढणारे येतात आणि भाव उगाच वर जातो. पण उशिरा म्हणजे शेवटचे तीन सेकंद नव्हेत, नेट अडखळलं की सगळं गेलं. आणि त्या वेळी जागं राहून धडधडत्या छातीने स्क्रीनकडे बघत बसणं जमत नसेल, तुम्हाला ते जमत नाही हे पत्रावरून दिसतंय आणि त्यात कमीपणा काहीच नाही, तर संध्याकाळीच आपला कमाल आकडा टाका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपा. सकाळी कळेलच. आकडा गोल ठेवू नका, १०० ऐवजी १०३ ठेवा, कारण गोल आकडा सगळ्यांनाच सुचतो आणि दोन बोल्या सारख्या झाल्या तर सहसा आधी आलेली धरतात.

हा कमाल आकडा काढायचा कसा, खरं काम तिथेच आहे. लोक चालू लिस्टिंगच्या किमती बघतात, त्या विकणाऱ्याच्या इच्छा असतात. तुम्ही विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी बघा, तसं फिल्टर बऱ्याच साइट्सवर असतं. दहा-बारा विक्री मिळाल्या की सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त बाजूला काढा, उरलेल्यांमध्ये कुठला चालू होता, कुठला बंद, ते वेगवेगळं मांडा. त्यातून जो आकडा निघेल त्यातून पाठवणीचा खर्च वजा करा, साइट खरेदीदाराकडून कमिशन घेत असेल तर ते, परदेशातून येत असेल तर कस्टम्स, आणि जुना कॅमेरा आहे म्हणजे एकदा उघडून साफ करून घ्यायचा खर्च. उरेल ती तुमची मर्यादा. कागदावर लिहा, तारीख टाका. मिस्टरांना दाखवा. ते जुगार म्हणतायत ना, तर जुगारात आणि खरेदीत फरक करायचा तो या कागदानेच, लिलावाच्या रात्री त्या कागदापलीकडे गेलात तर ते बरोबर आहेत असं मान्य करा.

आणखी एक गोष्ट. १९७१ मध्ये तेलकंपनीत काम करणाऱ्या तीन इंजिनिअरांनी लिहून ठेवलंय की समुद्राखालच्या तेलाच्या हक्कांच्या लिलावात ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो तोच जिंकतो, आणि म्हणूनच जिंकणारा बहुतेक वेळा जास्त मोजून बसतो. तेल किती आहे हे कुणालाच दिसत नसतं. न तपासलेल्या कॅमेऱ्याचंही तसंच आहे, आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, मग तो कुणाकडे जातो, तर 'चालतच असेल' असं सगळ्यात जास्त मानणाऱ्याकडे. 'तपासलेलं नाही' असं दिसलं की मी तो बंद आहे असंच धरते आणि बंद कॅमेऱ्याचा आकडा लिहिते. ज्याच्या घरी वस्तू आहे त्याला शटरचं बटण दाबून बघायला किती वेळ लागतो?

बोली लावायच्या आधी प्रश्न विचारा, साइटवरूनच. लेन्समधून टॉर्च मारून फोटो द्याल का, शटर एक सेकंदावर ठेवल्यावर खरंच एक सेकंद उघडं राहतं का, बॅटरीच्या कप्प्यात हिरवी-पांढरी पूड आहे का, मागच्या झाकणाच्या कडेचा फोम चिकट झालाय का. उत्तर कसं येतं त्यावरून सेलर कळतो. उत्तरच नाही आलं तरी तेही उत्तरच.

आणि या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न, जो तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. हा कॅमेरा तुम्हाला कशासाठी हवाय? त्याने फोटो काढायचेत, की हातात घेतल्यावर बाबांच्या हातातला वाटावा, ती फिल्म पुढे सरकवायची पट्टी तशीच कुरकुरावी, एवढंच हवंय? दुसरं असेल तर बंद पडलेला, बुरशी लागलेला कॅमेराही चालेल, आणि तो फार कमी पैशांत मिळतो. कदाचित आत्ता घरात आहे तोच पुरेसा आहे, मग सेलरकडे पूर्ण परतावा न मागता थोडे पैसे परत मागा आणि ठेवून घ्या. फोटो काढायचे असतील तर मात्र परत पाठवा आणि पुढच्या वेळी तपासलेला, दुरुस्त केलेला घ्या, लिलावात न घेता ठरलेल्या किमतीत घेतलात तरी चालेल, थोडा महाग पडला तरी या चौथ्यापेक्षा स्वस्तच पडेल. हे तुम्हीच ठरवू शकता, मी नाही.

आता काकूंचे सात कॅमेरे. तुमचा भाऊ जे सुचवतोय त्याचं आधी, कारण त्यात दोन बाजू नाहीतच. नको. आपल्याच वस्तूवर आपल्या माणसाने बोली लावणं जवळपास सगळ्या साइट्सवर बंद आहे, पकडलं गेलं तर दोघांचीही अकाउंट जातात, आणि पुष्कळ ठिकाणी ती कायद्यानेही फसवणूक ठरते. पण नियम बाजूला ठेवा. त्या तीन रात्री तुमच्या समोर भाव चढवणारा माणूस सेलरचा भाऊ होता असं आज कळलं तर तुम्हाला कसं वाटेल? तुमच्या भावाची भीती खरी आहे, किंमत फार खाली राहील ही, आणि तिच्यावर सरळ उपाय आहे, ज्याच्या खाली देणार नाही तो आकडा उघडपणे सुरुवातीची किंमत म्हणून ठेवा. त्यावर कुणी आलं नाही तर कॅमेरा घरातच राहील, बिघडलं काय?

कमी की जास्त, याचं एकच उत्तर सातही कॅमेऱ्यांना लागू नाही. लिलावाला किमान दोन गरजू माणसं लागतात. ज्या मॉडेलच्या विकलेल्या यादीत भरपूर नोंदी आहेत, प्रत्येकावर दहा-पंधरा बोल्या आहेत, ते बिनधास्त खालून सुरू करा, माणसं गोळा होतात आणि भाव स्वतःच आपल्या जागी जातो. जे मॉडेल वर्षातून दोनदा दिसतं त्याला गिऱ्हाईकही दोनच असणार, त्यातला एक त्या आठवड्यात बाहेरगावी असला की संपलं, त्यामुळे ते ठरलेल्या किमतीला लावा आणि वाट बघा. घाई नाहीये ना काकूंना?

काकूंशी किमतीबद्दल मात्र आधी बोला. आपल्याजवळची वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते हे कॉफीच्या साध्या मगांवर प्रयोग करूनही दिसलंय, १९९० मध्ये कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी लोकांना मग देऊन विकायला सांगितले तर विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. तोही नुकताच हातात दिलेला मग. इथे तर काकांनी आयुष्यभर जपलेले कॅमेरे आहेत. तेव्हा विकलेल्यांची यादी काकूंना दाखवा, आणि ज्या कॅमेऱ्यावर त्यांचा हात रेंगाळेल तो विकूच नका.

सगळ्यात भारी कॅमेरा आधी लावू नका. आधी एखादं साधं काहीतरी विका, फ्लॅश, केस, असलं, म्हणजे पैसे कसे येतात, साइट किती कापते ते कळेल, कित्येक ठिकाणी कमिशन पाठवणीच्या रकमेवरही लागतं हे लोकांना पहिल्या विक्रीनंतरच समजतं. चार चांगले फीडबॅकही जमतील. लिस्टिंगच्या नावात कॅमेऱ्यावर कोरलंय तसंच मॉडेलचं नाव आणि लेन्सवरचे आकडे लिहा, 'दुर्मिळ', 'अप्रतिम' असे शब्द कुणी सर्च करत नाही. फोटो खिडकीच्या उजेडात, आणि खरचटलेल्या जागेचा फोटो सगळ्यात स्पष्ट काढा. बंद असेल तर नावातच बंद लिहा. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून बिघडलेल्या लेझर पॉइंटरचं नाव घेतात, संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं की हा बिघडलाय हे कळलंय ना, तर तो म्हणाला मी बिघडलेलेच जमवतो. बंद कॅमेऱ्यांनाही असं गिऱ्हाईक असतं, सुट्या भागांसाठी घेणारे, दोन-तीन मिळून एक लॉट करा.

पैशांबाबत एवढं सांभाळा की पैसे आल्याचा ईमेल म्हणजे पैसे येणं नव्हे, स्वतः अकाउंट उघडून बघितल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही. चुकून जास्त पाठवले, फरक परत करा असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. माझा माणूस येऊन घेऊन जाईल असं म्हणणाऱ्यालाही नाही, कारण मग वस्तू पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. खरेदी करतानाही हेच, लिलाव हुकल्यावर 'पहिल्याने घेतला नाही, तुम्हाला देतो, इकडे पैसे पाठवा' असा ईमेल आला तर साइटवर लॉगिन करून बघा, तिथे ऑफर दिसत नसेल तर ती नाहीच.

पॅकिंगचं मी माझ्या अनुभवावरून सांगते. मी एकदा एक टाइपरायटर घेतला होता, फोटोत सुरेख, सेलर सज्जन, पण त्याने कॅरेज, म्हणजे कागद धरून डावीउजवीकडे सरकणारा भाग, लॉक न करता पाठवला. वाटेत ते जड कॅरेज इकडून तिकडे आपटत आलं, उघडला तेव्हा कडेची पट्टी वाकलेली आणि दोन अक्षरं कायमची अडकलेली. पैसे परत मिळाले, टाइपरायटर गेला तो गेलाच. इतकी वर्षं टिकलेली वस्तू दोन मिनिटांच्या आळसाने जाते, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून कॅमेऱ्यातून बॅटरी काढा, लेन्स निघत असेल तर वेगळी गुंडाळा, दोन्हीकडे झाकणं लावा, खोक्यात खोकं ठेवा आणि मध्ये सगळ्या बाजूंनी किमान चार बोटं मऊ भरण. खोकं हलवून बघा, आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. बंद करण्याआधी सिरियल नंबरसकट फोटो काढून ठेवा, उद्या कुणी दुसराच बंद कॅमेरा परत पाठवला तर उपयोगी पडेल.

आणि ताई, हे सगळं सुरू करायच्या आधी, काकांच्या कुठल्याही कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडू नका. आधी डाव्या बाजूची फिल्म गुंडाळायची छोटी कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून बघा, खालचं बटण न दाबता. मोकळीच फिरत राहिली तर आत फिल्म नाही, किंवा ती आधीच पूर्ण गुंडाळलेली आहे. थोडं फिरून अडली, ताण लागला, तर आत फिल्म आहे. मग खालचं बटण दाबून ती पूर्ण गुंडाळा, ताण एकदम सुटला की झालं, तेव्हाच झाकण उघडा, आणि रोल धुवायला देताना किती जुना आहे ते सांगा. जुन्या रोलवर नेहमीच काही निघतं असं नाही. पण निघालं तर ते काकूंना द्या, मग कॅमेरा लिस्टिंगला लावा.